ओटो आणले की पंधरा दिवसांत का मरतात? खान्देशातल्या टाकीसाठी समस्या निवारण

ओटो म्हणजे शोभेच्या माशांच्या टाकीत शेवाळ चाटायला ठेवतात तो छोटा मासा. त्याच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. "सहा ओटो आणले. आठवडाभर काचा चाटत होते, छान चाललं होतं. मग एकेक करून जायला लागले. आता एकच उरलाय. पाणी एकदम स्वच्छ आहे, गप्पी आणि टेट्रा ठणठणीत आहेत. पुन्हा आणू का?" जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव, शहादा. गाव बदलतं, तक्रार तीच. बहुतेक जण पुन्हा आणतातही, पुन्हा तेच होतं, आणि शेवटी "हा मासा आपल्या हवेत टिकतच नाही" असं ठरवून नाद सोडतात.

टिकतो. माझ्याकडे जळगावात मे महिन्यासकट टिकलेले आहेत. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते: नव्याने आणलेला ओटो रोगाने क्वचित मरतो, बहुतेक वेळा तो उपाशी मरतो, आणि ती उपासमार तुमच्या घरी येण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. क्लोरीन, ऊन, जड पाणी, गेलेली लाईट ही सगळी कारणं खरी आहेत, पण ती आधीच खंगलेल्या माशाला गाठतात. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी माशाचं पोट बघा, आणि मासा आणल्यापासून किती दिवसांनी गेला ते आठवा. या दोन गोष्टींवरून कारण बऱ्यापैकी सापडतं.

आधी खात्री करा की तो ओटोच आहे

आपल्याकडे दुकानात "सकर" म्हटलं की तीन वेगळे मासे हातात पडू शकतात. एक सेलफिन प्लेको: काळपट, ठिपक्यांचा, पाठीवर मोठा पर. पिल्लू बोटाएवढं असतं, पण मोठा झाला की दीड फुटापर्यंत जातो. दुसरा चायनीज अल्गी इटर, बहुतेक वेळा पिवळा-सोनेरी. हा दक्षिण अमेरिकेतला नाहीच, आग्नेय आशियातला. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा चिकट थर खरवडतो. तिसरा ओटोसिंक्लस, म्हणजे आपला ओटो. पूर्ण वाढला तरी ४ सेंमीच्या आसपास, नाकाच्या टोकापासून डोळ्यावरून शेपटीपर्यंत गडद तपकिरी पट्टा, शेपटीच्या बुडाशी डाग, अंगावर हाडाच्या बारीक पत्र्यांचं चिलखत आणि तोंड खालच्या बाजूला. प्लेको आणि ओटो एकाच लोरिकॅरिडी कुळातले, या कुळात हजाराच्या आसपास जाती आहेत. पण एकाची सोय दुसऱ्याला चालत नाही. प्लेको दाण्यांवर, उरल्यासुरल्यावर निभावून नेतो. ओटो तसं करत नाही.

(सेलफिन मोठा झाला म्हणून तो तापीत किंवा गिरणेत सोडू नका. देशात कितीतरी ठिकाणच्या नद्या-तलावांत तो असाच पसरला आहे आणि जाळी फाडतो म्हणून कोळी वैतागलेले आहेत. दुकानात परत द्या.)

आणल्यापासून दोन दिवसांत मेला तर

हा पाण्याचा धक्का. यात तीन गोष्टी तपासा.

पहिली, क्लोरीन. पालिकेचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही. दोन-तीन दिवसांआड, उन्हाळ्यात काही गावांत त्याहून उशिरा येतं. आलं की आपण सगळी भांडी भरतो आणि त्याच पाण्यातून टाकीचं पाणी बदलतो. ते पाणी ताजं असतं, ब्लीचिंगचा वास येत असतो. उघड्या ड्रममध्ये चोवीस तास ठेवून त्यात एअर पंपाची नळी सोडली तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर हायपो, म्हणजे दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तुरटी आणि ब्लीचिंग दोन्हींचं प्रमाण वाढतं. त्या दिवसांत पाणी बदलणं आठवडाभर पुढे ढकललं तरी चालतं.

दुसरी, तापमान. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी एप्रिलपासून दुपारी हात भाजेल इतकं तापतं. नळ सोडला आणि दोन बादल्या ओतल्या, एवढंही ओटोला पुरतं. पाणी बदलायचं तर पहाटे, किंवा आदल्या रात्री घरात भरून ठेवलेलं.

तिसरी गोष्ट जरा नीट समजून घ्यायला हवी, कारण इथे चांगली काळजी घेणारेच फसतात. मासा हळूहळू नव्या पाण्यात सवयीचा करावा म्हणून आपण थेंबथेंब पाणी सोडतो. त्यासाठी मेडिकलमधून आणलेला सलाईनचा सेट फार उपयोगी पडतो, त्याच्या चाकाने थेंब हवे तसे कमी-जास्त करता येतात. मासा गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात घरी आणला असेल तर तासभर असं थेंबथेंब पाणी सोडणं उत्तम. पण मासा मुंबईहून पार्सलने रात्रभर प्रवास करून आला असेल तर हीच पद्धत उलटते. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाण्याचा पीएच (पाणी आंबट की खारं-क्षारी ते सांगणारा आकडा) खाली जातो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. पिशवीत माशांच्या घाणीतून येणारा अमोनियाही साठलेला असतो, पण कमी पीएचमध्ये त्यातला बहुतेक भाग निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात आपलं क्षारांचं, चढ्या पीएचचं पाणी तासभर थेंबथेंब पडत राहिलं तर मासा त्या विषात तासभर बसतो. म्हणून लांबून आलेल्या पार्सलची पिशवी आधी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगवा, तापमान जुळू द्या, मग उघडून मासे जाळीने लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या.

आठवडा ते महिनाभरात एकेक करून गेले तर

हीच ती नेहमीची तक्रार, आणि इथेच सगळ्यात जास्त ओटो जातात.

बाजारात येणारे ओटो जवळपास सगळे जंगलातून पकडलेले असतात. पेरू, कोलंबिया, ब्राझीलमधल्या संथ ओढ्यांच्या कडेला, पाण्यात झुकलेल्या गवतावर आणि पानांवर ते मोठ्या घोळक्याने राहतात. पान, काडी, दगड यांवर जो बुळबुळीत थर चढतो (शेवाळ, जिवाणू, बारीक जीव सगळं मिळून) तो दिवसभर खरवडत राहणं हेच त्यांचं जेवण. एकदा पोटभर खाल्लं आणि दिवस काढला, अशी त्यांची रचनाच नाही. आतडं लांब असतं आणि त्यात सतत काहीतरी सरकत राहावं लागतं. आता त्याचा प्रवास बघा: पकडणारा, गोळा करणारा, निर्यातदार, विमान, मग मुंबई किंवा कोलकात्याचा घाऊक व्यापारी, तिथून खासगी बसने किंवा रेल्वे पार्सलने आपला दुकानदार. प्रत्येक टप्प्यावर धुतलेली रिकामी टाकी, चाटायला काही नाही. शिवाय पिशवीतलं पाणी खराब होऊ नये म्हणून पाठवण्याआधी मासे मुद्दाम उपाशी ठेवतात. जळगावच्या दुकानात पोहोचेपर्यंत त्याच्या अंगावरचं सगळं झडलेलं असतं.

मग आपण त्याला नव्या, चकचकीत टाकीत सोडतो. आठवडाभर तो काचा चाटतो. आपल्याला वाटतं, खातोय. प्रत्यक्षात काचेवर काही नसतं.

त्याचं पोट वाचायला शिका, दुसरं कुठलंच किट इतकं खरं बोलत नाही. ओटो समोरच्या काचेला चिकटला की टॉर्च लावून जवळून बघा. तोंडाची गोल चकती काचेवर सतत आकसते-पसरते आहे ना ते दिसेल. तिच्यामागे दोन्ही बाजूंच्या परांच्या मधे पोट. धष्टपुष्ट ओटोचं पोट वाटाणा गिळल्यासारखं गोल फुगलेलं असतं, आणि पातळ कातडीतून आतला हिरवट-तपकिरी रंगही दिसतो. मागे लांब, बारीक, त्याच रंगाची विष्ठेची दोरी लटकत असेल तर ती शुभ खूण. पोट सपाट असेल तर चार-आठ दिवसांत हातपाय हलवायला हवेत. पोट आत ओढलं गेलं असेल, डोक्यामागे खळगा पडला असेल, तर तो मासा परत येणं कठीण आहे. तरी प्रयत्न सोडू नये.

दुकानातही हेच बघायचं. आणि घाई करायची नाही.

"भाऊ, हे ओटो कधी आले?"

"काल रात्रीच्या गाडीने."

"मग आठ-दहा दिवस तुमच्याकडेच राहू द्या. मी आत्ता अ‍ॅडव्हान्स देऊन जातो, तेवढे नंतर उचलतो."

चांगला दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही. दहा दिवसांनी जे उरलेले, गोल पोटाचे आणि काचेला घट्ट चिकटलेले असतील, तेवढेच घ्या. दोनच मिळाले तर दोन घ्या, नंतर आणखी. खरं तर त्याला पाच-सहांच्या घोळक्यात राहायला आवडतं, पण मरणाऱ्या सहांपेक्षा जगणारे दोन घेऊन सुरुवात केलेली बरी.

आता घरच्या टाकीचं. ओटो ज्या टाकीत जाणार ती निदान तीन महिने जुनी असावी. फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं; पण काचेवर, लाकडावर, पानांवर ओटोचं पोट भरेल असा थर चढायला त्याहून जास्त वेळ लागतो. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी पावडरीसारखं शेवाळ येतं, तो डायटम. तो ओटो आवडीने खातो आणि दोन-चार दिवसांत संपवतो. त्या भरवशावर सहा ओटो आणले की डायटम संपल्यावर उपासमार ठरलेली. आणि केसांसारखं लांब हिरवं शेवाळ, काळे दाढीसारखे झुपके, काचेवरचे कडक हिरवे ठिपके, किंवा वास येणारा निळसर-हिरवा चिकट थर घालवायला ओटो आणत असाल तर आणू नका. यातलं तो काहीच खात नाही, आणि टाकीभर शेवाळ असूनही उपाशी राहतो.

त्याला खायला घालण्याचे मला पटलेले तीन मार्ग आहेत.

पहिला आणि सगळ्यात चांगला, उन्हाचा. खान्देशात ऊन फुकट आहे, ते वापरा. नदीतले मुठीएवढे गुळगुळीत काळे दगड आणा, घासून धुवा. दगडावर लिंबू पिळून बघा, फेस आला तर तो चुनखडीचा, फेकून द्या. आपला काळा बेसाल्ट फेसाळत नाही. टाकीतून काढलेलं जुनं पाणी एका पसरट टबात घ्या, दगड त्यात बुडतील असे मांडा आणि टब गच्चीवर किंवा अंगणात ठेवा. थंडीत दिवसभर ऊन चालतं, उन्हाळ्यात सकाळचंच. नाहीतर पाणी उकळायला लागेल आणि थर करपेल. डास होऊ नयेत म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधा. आठ-पंधरा दिवसांत दगडांवर मऊ हिरवा थर दिसतो, बोट फिरवलं तर निसरडं लागतं. त्यातले दोन दगड टाकीत ठेवा, चाटून काळे झाले की बाहेरच्या दोघांशी अदलाबदल. असे दोन टब आळीपाळीने ठेवले की ओटोला रोज ताजं कुरण मिळतं. भाजी न खाणारा, दाण्याकडे ढुंकून न बघणारा नवा ओटोसुद्धा या दगडावर पहिल्याच रात्री बसतो.

दुसरा मार्ग, पानं. देशी बदामाचं झाड आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. स्वतःहून गळून पडलेली, पूर्ण वाळलेली पानं उचला, धुवा, टाकीत सोडा. काही दिवसांत पान मऊ पडतं, त्यावर थर येतो आणि ओटो ते पान जाळीदार होईपर्यंत चाटतात. पाण्याला चहासारखा रंग येतो, तो चालतो. फवारणी होणाऱ्या शेतालगतची पानं मात्र घेऊ नका.

तिसरा, भाजी. परदेशातले लोक झुकिनी देतात, आपल्याकडे गिलके आहेत, झुकिनीची वाट बघायचं कारण नाही. कोवळ्या गिलक्याची बोटभर जाड चकती दोन मिनिटं उकळायची, गार करायची, स्टीलच्या काट्यात खोचून तळाला ठेवायची. काकडी आणि पालकही चालतो. पहिल्या दोन-तीन रात्री कुणी तोंड लावत नाही, तरी देत राहा. एकाने सुरुवात केली की बाकीचे येतात. चकती संध्याकाळी लाईट बंद झाल्यावर टाका आणि सकाळी काढा. उन्हाळ्यात रात्रभरही ठेवू नका, चार-पाच तासांत पाणी दुधाळ होतं. भाजी नीट धुवा, साल काढली तर उत्तम. फवारणीचा अंश माणसाला जाणवत नाही इतकाही असला तरी एवढ्या लहान माशाला पुरतो.

किती ओटो ठेवावेत? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५६ लिटर पाणी मावतं, वाळू-दगड धरून ४५ च्या आसपास. एवढ्या टाकीत वरचं खाणं देणार असाल तर पाच-सहा, नुसत्या शेवाळावर ठेवणार असाल तर दोन-तीन.

महिनोन्‌महिने चांगले होते, एप्रिल-मेमध्ये गेले तर

हे ऊन आणि ऑक्सिजनचं दुखणं. ओटोला २२ ते २६ अंश मानवतं, थोडे दिवस २८ पर्यंत चालतं. आपल्याकडे बाहेर पारा ४४-४५ ला गेला की कूलर नसलेल्या खोलीतली टाकी ३३-३४ ला सहज पोहोचते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास, ३३ ला ७.२ च्या आसपास. त्याच वेळी गरमीने माशाची गरज वाढते. त्यात भर म्हणजे अमोनिया. पीएच ८ असलेल्या पाण्यात २५ अंशांना एकूण अमोनियातला साधारण ५.४ टक्के भाग विषारी रूपात असतो, ३० अंशांना ७.५ टक्के. पीएच ७ ला हाच भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे बोअरच्या चढ्या पीएचच्या पाण्यात आणि मे महिन्यात थोडीशी घाणही भारी पडते.

लक्षण ओळखायला सोपं आहे. ओटो अधूनमधून झपकन वर येऊन हवेचा घोट घेतो आणि परत तळाला जातो. त्याच्या अन्ननलिकेजवळ हवा धरून ठेवायची पिशवी असते, त्यामुळे हे नैसर्गिक आहे. पण तेच दर काही मिनिटांनी व्हायला लागलं, किंवा पहाटे सगळे पाण्याच्या कडेला नाक वर करून चिकटलेले दिसले, तर ऑक्सिजन संपत आला आहे. पहाटेच का? झाडं असलेल्या टाकीत रात्रभर झाडंही ऑक्सिजन वापरतात.

उपाय आपल्या हवेतच आहे. खान्देशचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणूनच इथे कूलर इतका चांगला चालतो. टाकीलाही तेच लागू. काचेचं झाकण आणि ट्यूबलाईटचा डबा उचला, त्या जागी जाळी टाका (ओटो उडी मारतो, आणि उघड्या टाकीत पाल पडते), आणि लहान पंखा तिरका करून पाण्याच्या पृष्ठभागावर लावा. कोरड्या हवेत तीन-चार अंश सहज उतरतात. टाकी कूलरच्याच खोलीत असेल तर आणखी चांगलं. मृग बरसला, हवा दमट झाली की पंख्याचा हा परिणाम कमी होतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. बर्फाची बाटली सोडू नका. चार अंश खाली आणि पुन्हा वर, हा झोका स्थिर गरम पाण्यापेक्षा वाईट.

लाईट जाते तेव्हाचं बघून ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाचा प्लग त्या लाइनवर घ्या, तो अगदी थोडी वीज खातो. नसेल तर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा पंप घ्या. बंद डब्याचा फिल्टर तीन-चार तासांहून जास्त बंद राहिला असेल तर तसाच सुरू करू नका; आतलं सडलेलं पाणी टाकीत येतं. आधी ते ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा, मग चालू करा.

आणि एक, डासांसाठी खोलीत जे मारता ते. स्प्रे आणि लिक्विडच्या यंत्रांत जी रसायनं असतात ती माशांना फार विषारी आहेत, आणि एअर पंप खोलीचीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत जाळी लावा, स्प्रे नको.

थंडीतही असा एक झटका असतो. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा दहाच्या खाली जातो, दुपारी पुन्हा ऊन. हा रात्र-दिवसाचा फरक ओटोला सुस्त करतो आणि तो खाणं सोडतो. हिटर २४ ला लावून ठेवा.

पोट भरलेलं, ऊन नाही, तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादा जातोच

मग पाण्यातले क्षार आणि नायट्रेट तपासा. गीझरवर, बादलीच्या काठावर, नळाच्या तोंडावर पांढरा खर बसतो तेच पाणी टाकीत असतं. आरओ बसवणाऱ्याकडे असतो तसा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या, स्वस्त मिळतो. मुख्य गोष्ट उन्हाळ्यातली: टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आपण रोज तांब्याभर बोअरचं पाणी घालून पातळी सारखी करतो, म्हणजे रोज थोडे क्षार वाढवतो. वर पंखा लावला की पाणी आणखी वेगाने उडतं. जून उजाडेपर्यंत नळाचं पाणी ६०० दाखवत असेल तर टाकीचं हजाराच्या वर गेलेलं आढळेल. ओटो कडक पाण्याशी बऱ्यापैकी जुळवून घेतो, पण सततच्या चढाशी नाही. उडालेलं पाणी आरओच्या शुद्ध पाण्यानेच भरा, आणि आठवड्याच्या पाणी-बदलात आरओ व नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. नुसतं आरओ नको, त्यात पीएच सांभाळणारं काहीच उरत नाही.

नायट्रेट, म्हणजे अमोनिया जिवाणूंनी पचवल्यावर पाण्यात साठत जातं ते, लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. केळीच्या पट्ट्यात, जिथे खतं भरपूर पडतात, तिथे विहिरीचं किंवा बोअरचं पाणीच नायट्रेट घेऊन येऊ शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे, त्यामुळे पिण्याला पास झालेलं पाणीही ओटोला जड असू शकतं. यावल-रावेरकडे टाकी ठेवणाऱ्यांनी टाकीबरोबर नळाचं पाणीही किटने तपासावं. नाहीतर जितकं पाणी बदलू तितकं नायट्रेट आत जाईल आणि कारण कधीच सापडणार नाही.

औषधाचं

एक मासा मेला की मीठ, निळं औषध, हिरवं औषध असं ओतत जाण्याची सवय घातक आहे. तांबं असलेली औषधं आणि मॅलेकाइट ग्रीन ओटोला फार लागतात, आणि कडक डोसाने फिल्टरचे जिवाणूही मरतात. मग अमोनिया वाढतो आणि दुसरी लाट येते. अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी, लाल व्रण असं काही डोळ्यांना दिसत नसेल तर काहीही टाकू नका. चौथा भाग पाणी बदला, हवा वाढवा, दगड ठेवा. ठिपके खरोखर दिसत असतील तर तो मासा वेगळ्या टबात काढून तिथे उपचार करा.

एकच उरला असेल तर

जो उरला तो बहुतेक वेळा खायला शिकलेला असतो. त्याचं पोट बघा. गोल असेल तर त्याला एकटेपणा नको म्हणून लगेच जोडीदार आणू नका. आधी महिनाभर दगड आणि गिलके चालू ठेवून टाकीत किती थर टिकतो ते बघा. मार्च ते जून नवे ओटो मागवू नका, बसच्या डिकीत पिशवी तापते आणि वाटेतच निम्मे जातात. दिवाळीनंतर, दिवसा ऊन सौम्य आणि हिटरवर टाकी २४ ला स्थिर असताना, दुकानदाराला सांगून चार मागवा, दहा दिवस त्याच्याकडे राहू द्या आणि टॉर्च घेऊन पोटं बघायला जा. घरी आणल्यावर तेही आधी पंधरा दिवस वेगळ्या टबात, जुन्या टाकीचा स्पंज फिल्टर आणि दोन हिरवे दगड देऊन ठेवा. विष्ठेची दोरी दिसायला लागली की जुन्याजवळ सोडा.